कच्च्या प्रतीतला शेवट

व्हर्नाबाई कोस्केला एकतीस वर्षं आमच्या साप्ताहिकात सिनेमा-कादंबऱ्यांवर लिहायच्या. पानं मी लावायचो. सरोवराकाठचं आमचं खाणीचं गाव त्यांच्या शब्दावर तिकीट काढायचं. टोइव्हो खाटीक मटण तोलता तोलता विचारायचा, "काय बाई, या गुरुवारी कुणाची मुंडी मुरगळली?"

त्या गुरुवारी डेल रिंटालाची मुरगळली होती. गावातल्याच पोराची पहिली कादंबरी. खाण ढासळते, बाप गाडला जातो आणि शेवटी जिवंत निघतो. बाईंनी लिहिलं, 'चार अश्रूंसाठी मेलेला माणूस वर काढलाय. हा खोटेपणा आहे.' डेलचा बाप खाणीतच गेलेला, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं?

शुक्रवारी बाई कचेरीत आल्या त्या पांढऱ्याफटक. हातात ग्रंथालयातलं छापील पुस्तक.

"बाप वर येत नाही रे. शेवट बदललाय."

प्रकाशक परीक्षणासाठी तीन महिने आधी कच्ची प्रत धाडतात. छापील पुस्तकाशी ताडून मगच लिहा, असं तिच्या पुठ्ठ्यावरच असतं. बाईंनी ताडलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"पुढच्या अंकात चूक कबूल करू," मी म्हटलं.

"आणि उद्या? डेल ग्रंथालयात पुस्तक वाचून दाखवणाराय. त्याची आई, एल्मा, पुढ्यातच बसणार. तिच्या नवऱ्याच्या मरणावरून तिच्या लेकाला मी खोटं पाडलं. आता माझं कोण वाचेल?"

शनिवारी ग्रंथालयाबाहेर त्या अर्धा तास गाडीतच बसून राहिल्या. मी दार उघडलं तेव्हा कुठं उतरल्या.

आम्ही आत शिरलो. एल्मा उठून समोर आली.

"एल्मा, मी छापील पुस्तक न बघताच लिहिलं."

"ठाऊकाय. तो आधीचा शेवट मलाही खोटाच वाटला. मीच पोराला बदलायला लावला."

एल्मा एवढ्यावर थांबली नाही.

"गाव तुझं ऐकतं, ते तू नीट वाचतेस असं समजून. बस इथं माझ्याजवळ. आज वाच."

डेल शेवटचं प्रकरण वाचू लागला. बाई छापील पुस्तकात ओळीओळीवर बोट ठेवत होत्या. शेवटचं पान आलं. बाईंचं बोट मात्र आधीच्या पानाच्या तळाशीच थांबलं; पान त्यांना उलटवेना.

एल्मानं ते उलटलं.