डाव्या बाजूचं फूल

देवीची माझ्यावर कृपा झाली हे मी सांगणार आहे. पण आधी हे सांगते, की मी तिचं ऐकलं नव्हतं.

स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली होती. आम्ही गव्हाणचे, घरची मिठागरं. माझ्या उजव्या कुशीत गाठ हाताला लागायची, दुखायची. पनवेलच्या डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, "मूत्रपिंडावर गाठ वाटते. साधी पाण्याची असेल तर घाबरायचं कारण नाही, पण कॅन्सर असेल तर वेळ घालवू नका. मुंबईला जा." घरी आल्यावर सासूबाईंनी देवीला कौल लावला. ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं.

"देवीनं नाय सांगितलं. आता जायाचं नाय," सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. मुलगी अजून अंगावर पीत होती. ते पडलेलं फूल मी पदराच्या गाठीत बांधलं आणि देवीलाच म्हणाले, "मी जानार. आडवायचं असल तर वाटंत आडव."

मुंबईच्या इस्पितळात दंडात औषध टोचून फोटो काढले. गाठ दिसली, पण कसली ते कळेना. सर्जन म्हणाले, "मूत्रपिंड काढूनच टाकू." मी हट्टाला पेटले. "पानी हाय का दुसरं काय, ते न कापता कळत नाय का?" ते वैतागले. तेवढ्यात दारावरून जाणारे एक वयस्कर डॉक्टर थांबले. त्यांना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही ते दिसले नाहीत. फोटो उजेडात धरून म्हणाले, "आधी सुई घालून बघू. नितळ पाणी निघालं, तपासणीत काही सापडलं नाही, तर कापायला नको. रक्त आलं तर मात्र कापू द्या."

मी टेबलावर पालथी पडले. फूल मुठीत होतं. सुई पाठीत शिरली आणि भांडायचं त्राणच उरलं नाही. "आता तुझ्यावर," एवढंच मनात आलं. फिकट पिवळं, नितळ पाणी निघालं. तपासणीतही कॅन्सर सापडला नाही.

परतल्यावर घराआधी देवळात गेले. सुकलेलं फूल तिच्या पायाशी ठेवून ढसाढसा रडले. मी तिचा नकार झुगारून गेले होते, तरी ती माझ्यासोबत आली होती. सासूबाई म्हणतात, देवीनं परीक्षा घेतली. घेतली असेल. घरी बसले असते तर ती शरणागती नसती, भीती असती. शरण मी गेले ती त्या टेबलावर.

आजही कौल लावते. डावं फूल पडलं, की ते पदरात बांधते आणि निघते.