दासरिलचा बिबळ्या आणि युस्मारचं हरीण

दासरिल लग्न होऊन बायकोच्या घरी राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि ट्रक चालवायचा परवाना, एवढंच होतं. तालांग डोंगराच्या पायथ्याला रीतच तशी. घर बायकोचं, भातखाचरं बायकोच्या आईची, मुलं बायकोच्या कुळाची, आणि त्या मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या मामाचा. जावई म्हणजे बुंध्यावरची राख, वारा सुटला की उडाली, असं तिथली म्हातारी माणसं म्हणतात. दासरिलला कुणी वाईट वागवलं नाही. एर्निता, त्याची बायको, मायाळू होती. सासू त्याच्या पानात माशाचा मोठा तुकडा वाढायची. पण मोठा तुकडा पाहुण्यालाच वाढतात, हे त्याला कळत होतं.

अठरा वर्षं त्याने दुसऱ्याच्या ट्रकवर इंदारुंगच्या कारखान्यातून सिमेंटची पोती वाहिली. चाळिशीत एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडून जुनी पँथर घेतली, हिरवी, डिझेलवर चालणारी, आणि डोंगरावरचं सोलोक ते समुद्रकाठचं पाडांग असं वडाप सुरू केलं. गाडी अंगणात आणून उभी केली त्या दिवशी तो जेवायला आत गेलाच नाही. दार उघडून गाडीतच बसला आणि एर्नितानं ताट तिथे आणून दिलं. काही न विचारता दिलं, हे तो पुढे अनेक वर्षं विसरला नाही.

गावात वडाप करणारा दुसरा माणूस युस्मार. तोही जावईच, दोन घरं सोडून पलीकडचा. त्याची किजांग होती, पेट्रोलवर चालणारी, पांढरी, दासरिलच्या गाडीपेक्षा तीन वर्षं आधी घेतलेली. किजांग म्हणजे हरीण. तेव्हा गावाला आयतंच खेळणं मिळालं. एकाकडे हरीण, दुसऱ्याकडे बिबळ्या. दोघांची गाठ रोज सकाळी पहिल्या फेरीच्या आधी आणि दुपारी शेवटच्या फेरीनंतर उनी मार्निसच्या, म्हणजे मार्निसताईच्या, लापाऊत पडायची. लापाऊ म्हणजे कॉफीचं दुकान, पण कॉफी हे निमित्त. तिथे बाकावर बसून बोलण्यात ज्याची जीभ अडखळली त्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची चोरी.

दासरिलचं म्हणणं ठरलेलं असे. सितिंजाऊच्या घाटात नऊ माणसं आणि टपावर मिरचीची पोती घेऊन जी गाडी दुसऱ्या गिअरवर मुकाट चढते, तीच गाडी. डिझेल इंजिन म्हणजे रेडा. हाक मारावी लागत नाही, चालत राहतो. युस्मार म्हणे, रेडाच तो. आवाजही तसाच. तुझी गाडी सोलोकहून निघाली की पाडांगच्या लोकांना वाटतं भाताची गिरणी चालत येतेय. माझ्या गाडीत बाळ झोपतं. तुझ्या गाडीतून उतरलेला माणूस दोन दिवस ओरडून बोलतो.

निवाडा करायला बुस्तामी गुरुजी असत. शाळेतून निवृत्त झालेले, आणि नुकतीच स्वतःची नवी ऑटोमॅटिक घेतलेले. पण क्लच नसलेली गाडी चालवणाऱ्याचं मत लापाऊत कुणी धरत नसे, म्हणून ते बिचारे नुसतेच दोन्ही बाजूंनी मान डोलवत. टिकाऊपणात बिबळ्या पुढे, रुबाबात हरीण पुढे, असा त्यांचा निकाल. तो दोघांनाही पसंत नव्हता.

रुबाबाची गोष्ट दासरिलच्या जिव्हारी लागण्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला त्याच्या घरून आणायला गाडी न्यायची होती. दासरिलनं आदल्या दिवशी पँथर धुतली, चाकांच्या वाट्या घासल्या. संध्याकाळी एर्निता ओट्यावर येऊन उभी राहिली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, की तिच्या भावांनी युस्मारची किजांग ठरवलीय. नवरदेव येतोय, मागे वाजंत्री आहे. तुमच्या गाडीपुढे वाजंत्री ऐकू कशी येणार? दासरिल बरं म्हणाला. मुलीच्या बाबतीत मामांनी ठरवलं, संपलं. दुसऱ्या दिवशी युस्मार सोनेरी काठाची टोपी घालून, आरशाला फुलं बांधून नवरदेवाला घेऊन आला. भाडं घेतलं नाही. पण पुढले सहा महिने लापाऊत कुणी नवं माणूस आलं की तो विचारी, "यांच्या जावयाला कुणी आणलं, माहीत आहे का?"

पुढे आठेक वर्षांनी, एका सकाळी घाट उतरताना ते घडलं. किजांग पुढे, पँथर मागे, मध्ये एक रिकामा ट्रक. मोठ्या वळणावर ट्रक बाजूला झाला आणि दासरिलला दिसलं की किजांग वळायच्या आधी धीमी झालीच नाही. वळली ती उशिरा, डोंगराच्या बाजूला घसरली आणि नाक गटारात घालून मातीच्या भिंतीला टेकली. दरीच्या बाजूला गेली असती तर सांगायला कुणी राहिलं नसतं. आत सहा माणसं होती. एका म्हातारीचं मनगट मुरगळलं, बाकी सगळे नुसते पांढरेफटक पडलेले. दासरिलनं दोर लावून गाडी बाहेर ओढली, त्याची माणसं आपल्या गाडीत दाटीवाटीनं कोंबली आणि म्हातारीला दवाखान्यात पोचवलं. युस्मार रस्त्याच्या कडेला बसून होता. "ब्रेक लागलेच नाहीत," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आठवड्यानं तो लापाऊत आला. सगळे वाट बघत होते, कारण असली संधी बिबळ्याच्या बाजूला आजवर मिळाली नव्हती. उनी मार्निसनं अंडं फेटून केलेला चहा दासरिलपुढे ठेवला, जणू कुस्तीच्या आधीचा खुराक. दासरिलही काहीतरी झणझणीत जुळवून बसला होता. युस्मार बसला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "गाडी म्हातारी झाली. तिच्यात आता राम नाही. विकून टाकतो."

एकवीस वर्षांत युस्मारनं त्या गाडीविरुद्ध अवाक्षर ऐकून घेतलं नव्हतं. एकदा पाव्हण्यानं नुसतं आरसा लहान आहे म्हटलं, तर त्याला अर्ध्या रस्त्यात उतरवायला निघाला होता. दासरिलच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटेना. दुसऱ्याच्या अंगणात मेलेल्या जनावराकडे बघावं, तसं काहीतरी वाटलं.

डेंटिंग झाल्यावर युस्मारनं किल्ली दासरिलच्याच हातात दिली. पाडांगला गिऱ्हाईक बघ म्हणाला. तुझी ओळख जास्त. दासरिलनं त्या पांढऱ्या गाडीत पहिल्यांदाच पाय ठेवला. घाट उतरायला लागल्यावर त्याने पहिल्याच वळणावर ब्रेकवर पाय टेकवला आणि गाडी अशी जागच्या जागी दबली की त्याची छाती स्टिअरिंगवर आपटली. कारागिराला विचारलं होतं; ब्रेकला त्याने हात लावलेला नव्हता. दासरिलनं प्रत्येक वळणावर तपासून पाहिलं. हलका दाब, जोराचा दाब. ब्रेक लोण्यासारखे होते. इंजिनाचा आवाज येत नाही म्हणून तो दोनदा चालू गाडीत कान देऊन बसला. बाळ झोपतं म्हणायचा ते खोटं नव्हतं, त्याला वाटलं, आणि कुणी पाहत नसतानाही तो ओशाळला.

गिऱ्हाईक न बघताच तो परतला. मग त्या शुक्रवारी नमाजानंतर सगळे लापाऊत येऊन बसलेले असताना मार्निस फरशी पुसता पुसता थांबली. "उदा, तुमच्या पायाला लागलंय," ती युस्मारला म्हणाली. दादा म्हणावं तसं ती सगळ्यांना उदा म्हणायची. युस्मारनं खाली पाहिलं. उजव्या अंगठ्याचं नख निम्मं उलटलं होतं, मशिदीच्या पायऱ्यांपासून दुकानापर्यंत रक्ताचे ठिपके होते, आणि त्याला पत्ताच नव्हता. ठेच लागली असेल म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. पण हसला तेव्हा त्याची नजर दासरिलकडे गेली आणि लगेच चहाच्या पेल्यात वळली.

संध्याकाळी दासरिल त्याच्या अंगणात गेला. युस्मार गाडी पुसत होता, विकायची म्हणून की सवयीनं, कोण जाणे.

"ब्रेक उत्तम आहेत," दासरिल म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं? जन्मभर गिरणी चालवलीस."

"पाय कधीपासून?"

युस्मारनं फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. मग गाडीच्या पायरीवर बसला. पावसाळ्यापासून, तो म्हणाला. आधी तळव्याला मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. साखर वाढलीय हे त्याला चार वर्षांपासून माहीत होतं. गोळ्या आठवण झाली की घ्यायचा. आता पॅडलवर पाय आहे की बाजूला, हे त्याला वाकून बघावं लागे.

"त्या दिवशी वाटलं दाबतोय," तो म्हणाला. "दाबतच होतो रे. पाय पॅडलवर नव्हताच."

"मग दोष गाडीवर का घातलास?"

"पायावर घातला तर मी काय उरतो? सासूच्या घरात ओट्यावर बसून कोंबड्या हाकलू?"

दासरिलही त्याच ओट्यावरचा होता. त्याने एवढंच सांगितलं की येल्फीला कळव, नाहीतर मी कळवीन. येल्फी ही युस्मारची मुलगी, सोलोकच्या दवाखान्यात सुईण. युस्मारनं तिला सांगायचं कबूल केलं, पण एक अट घातली. लापाऊत पायाचं नाव काढायचं नाही. दासरिलनं शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी बुस्तामी गुरुजींनी, बहुधा त्याला खूश करायला म्हणून, निकाल जाहीर केला. इतक्या वर्षांचा वाद मिटला, म्हणाले. हरणाची हद्द कळली, घाट बिबळ्याचाच. बाकावरची माणसं हसली. कुणी दासरिलच्या पाठीवर थाप मारली. युस्मार कोपऱ्यात केळ्याची भजी मोडत बसला होता, मान वर न करता.

दासरिलनं पेला खाली ठेवला. "मी चालवली ती गाडी," तो म्हणाला. "इंदारुंगपर्यंत उतरलो आणि चढलो. तसे ब्रेक माझ्या गाडीलाही नाहीत. वळणावर अंगाला अंग लावून चालते. आणि आवाज नाही. मला लेकीच्या लग्नात राग आला होता, पण माझ्या मेव्हण्यांनी बरोबर ठरवलं होतं."

अठरा वर्षं ज्याने हरणाला शेळी म्हटलं, तो हे बोलत होता. गुरुजींनी चष्मा काढला. "मग गाडी भिंतीवर गेली कशी?" त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

रस्ता ओला होता म्हणावं, असं दासरिलच्या मनात आलं, पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. शब्दात अडकलेला माणूस जसा बसतो तसा तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. आता ह्याची जीभ अडखळली, हे बाकावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

तेव्हा युस्मारनं भजं बाजूला ठेवलं, उजवा पाय उचलून बाकावर घेतला आणि पट्टी सोडली. अंगठा सुजून काळानिळा पडला होता. "ह्यामुळे," तो म्हणाला. "गाडीत काही खोट नाही. मी खोटं बोललो."

मार्निसनं त्याच्यापुढचा गोड चहा उचलून आत नेला आणि बिनसाखरेचा आणून ठेवला. तिनं त्या दिवसापासून त्याला पुन्हा गोड चहा दिला नाही, त्याने कितीही शिव्या घातल्या तरी.

येल्फीनं त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं. आणखी महिनाभर लपवलं असतं तर गुडघ्यापर्यंत गेलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गाडी विकली नाही. ती येल्फीनं घेतली, कारण डोंगरवाड्यांतल्या बाळंतिणींकडे जायला तिला गाडी हवीच होती. युस्मार महिनाभर घुम्यासारखा राहिला. घर बायकोचं, शेत बायकोचं, उरली होती ती गाडीही आता लेकीची, असं तो दासरिलला म्हणाला. दासरिल म्हणाला, निदान कुळातच राहिली.

येल्फीला सपाटीवर चालवता येत होतं, घाट येत नव्हता. तो दासरिलनं शिकवला. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गाडी गिअरवर धरायची; वळणाच्या आधी खाली उतरवायचा गिअर, वळणात नाही; ट्रकच्या मागे घुटमळायचं नाही. युस्मार मागच्या सीटवर बसून दोघांनाही दुरुस्त करी. एकदा येल्फीनं मधल्या वळणावर गाडी थांबवली आणि दोघांना बजावलं की एकानंच बोला. तेव्हापासून युस्मार घरी राहू लागला.

महिन्यातून दोनदा त्याला पाडांगच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला जावं लागे. लेकीला सवड नसे, म्हणून तो दासरिलच्या पँथरमध्ये पुढच्या सीटवर बसून जाई. जाताना येताना आवाजाला नावं ठेवी, खिडकीची काच वाजते म्हणे, कुशनमधून स्प्रिंग टोचते म्हणे. भाडं द्यायचा प्रयत्न त्याने एकदाच केला. दासरिलनं जावयाच्या लग्नाची आठवण करून दिली, तेव्हा त्याने पैसे पुन्हा खिशात घातले.

असेच एकदा परतताना ते चढावर होते. दहा माणसं, टपावर सिमेंटच्या दोन गोण्या आणि कुणाचीतरी शिलाई मशीन. पँथर दुसऱ्या गिअरवर धापा टाकत चालली होती. मागून हॉर्न वाजला आणि पांढरी किजांग शेजारी आली. येल्फीनं मान वळवून पाहिलंही नाही. वळण यायच्या बरोबर आधी ती पुढे निघाली, आपल्या बाजूला आली आणि दिसेनाशी झाली.



"पोरीनं तिसऱ्यात टाकायला हवी होती," युस्मार म्हणाला.

"दुसराच बरोबर होता. मी शिकवलाय."

"म्हणूनच चुकलं," युस्मार म्हणाला, आणि गाडी पुन्हा दिसते का ते बघायला खिडकीबाहेर वाकला.