मधल्या खोलीतली बुरशी

आमच्या अख्ख्या घराला बुरशी लागली आहे, असं निदान मी केलं तेव्हा मला यवतमाळात नर्सिंगला जाऊन जेमतेम एक सहामाही झाली होती.

त्या साली कापसाला भाव नव्हता. "भाव आला का इकू," म्हणत बाबांनी मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली. आम्ही त्याच्याच कडेला झोपायचो. उन्ह तापलं आणि सगळ्यांची अंगं खाजायला लागली. ताईचे तर दोन्ही हात लालेलाल! आणि रविवारी राजूरकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं मोडली होती. या मुलाचा फोटो मात्र ताईनं उशीखाली ठेवला होता (मला माहीत नाही, असं तिला वाटत होतं).

सुट्टी संपवून निघताना मी ताईच्या हाताची साल खरवडून पुडीत बांधली आणि कॉलेजात नेली. काच, औषधाचा थेंब, सूक्ष्मदर्शक. बघते तर लांबच लांब, पारदर्शक धागे! बुरशीचे तंतू! मॅडम रजेवर होत्या, पण साथ काय मॅडमसाठी थांबते? मी थेट एसटीडी बूथ गाठला.

"बाबा, कोणी कोणाले हात लावू नोका! कपडे उकळा!"

"आन् पाव्हणे?"

"येऊच देऊ नोका!"

बाबा सरळ माणूस. त्यांनी राजूरला जसाच्या तसा निरोप दिला, "पोरीले बुरशी लागली हाय." मग ताई फोनवर आली. आधी नुसती रडली.

"तुले शिकाले धाडलं, तं माह्यावरच शिकली का वं?"

मला गलबलून आलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र!

शनिवारी मॅडमनी काच पाहिली. बराच वेळ पाहिली.

"घरी काय पिकतं तुमच्या?"

"कापूस, मॅडम."

"मग तोच आहे हा. पीळ बघ त्याचा. आणि खाज येते ती साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी."

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. बहिणीचं लग्न मी मोडलं होतं, तेही कापसाच्या एका धाग्यावरून.

रविवारी पहिल्या एसटीनं घरी गेले. म्हटलं, बाबांना घेऊन राजूरला जायचं आणि पाय धरायचे. अंगणात पोचते तर पाहुणे हजर! मुलाची आई ताईचा हात हातात घेऊन बसलेली.

"एवढी सोन्यासारखी पोरगी, म्हटलं रोग तरी पाहून येऊ," ती म्हणाली. "तं हे आमच्याच घरचं दुखणं! दाखव रे हात."

मुलानं बाह्या वर केल्या. तेच लाल चट्टे! मी घाईघाईनं कापसातल्या किड्यांचं सांगून टाकलं. ताई मान खाली घालून हसली.

बाबा मात्र हसले नाहीत. मुलाच्या वडलांकडे बघून हळूच म्हणाले, "म्हंजे तुमचाही कापूस घरातच हाय."

"घरातच हाय, भाऊ." दोघांनीही मग मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. भाऊजी अजूनही घरी आले की माझ्या तळहातावर कापसाचं बोंडुक ठेवतात. "सिस्टर, तपासून सांगा, काय हाय हे?"

सगळे हसतात. मी आधी चष्मा लावते, खिडकीशी जाते, उजेडात धरून नीट बघते आणि मगच बोलते!