खिडकीकडची कूस

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी बंगळुरात तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस एकच होतं, माझी घरमालकीण. चिकपेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली त्यांचं कुटुंब, वर गच्चीला लागून माझी खोली. तीन पिढ्यांपूर्वी हे मराठी घराणं इथे येऊन कापडाच्या धंद्यात रुजलं होतं. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत, पोटचा मुलगासुद्धा. मग मीही अक्काच म्हणायला लागले.

नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. जायला दोन बस, यायला दोन बस. ऑफिसात आम्ही बाराजण. बाकीचे आपसात कन्नड नाहीतर तमिळ बोलायचे, माझ्याशी इंग्रजी, आणि फारच माया दाटून आली तर मोडकं हिंदी. वाईट नव्हते बिचारे. पण दिवसभर परक्या भाषेत शहाण्यासारखं बोलून जीव आंबून जायचा. संध्याकाळी मी गल्लीत शिरले की अक्का पायरीवर बसलेल्या दिसत. "आलीस? स्वल्प बस की गं. वर कोण वाट बघतंय तुझी?" वर कोणीच वाट बघत नसायचं, म्हणून मी बसायची. तासभर गप्पा चालायच्या. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, आणि माझी कराडची मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तू साधं बोललीस तरी भांडल्यागत वाटतंय बाई." खरंच होतं ते. मी तापट आहे, आजही आहे. पण तो एक तास नसता तर मी पहिल्याच वर्षी गाशा गुंडाळून कराड गाठलं असतं.

तिसऱ्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तोंडातून नुसता आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं, सांगता येत नाही एवढंच." मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसायची, काहीबाही बोलायची आणि पाच मिनिटांत वर पळायची. एकटीनेच किती बोलणार? वर जाऊन रडायचीही. कुणासाठी, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

आमची कंपनी त्या काळात पाटीएवढा एक सपाट संगणक बनवत होती. त्याला कीबोर्ड नव्हता, पडद्यावर बोट टेकवायचं. आत संगणक चालवायला लिनक्स घातलेलं. ते तेव्हा इतकं नवं होतं की काही अडलं तर विचारायला माणूस सापडायचा नाही. पाटी आडवी ठेवली की चित्र आडवं, उभी केली की चित्र आपोआप फिरून उभं, हे आमच्या साहेबांचं स्वप्न होतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं होतं. आत काचेच्या बारक्या नळीत पाऱ्याचा थेंब होता. पाटी फिरली की थेंब घरंगळून दुसऱ्या टोकाच्या तारांना टेकायचा, आणि माझ्या प्रोग्रामला कळायचं की आता चित्र फिरवा. ते फिरायला लागलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जिलेबी आणली होती.

साहेबांना विचारून मी एक जुनी पाटी घरी आणली. पडद्यावर नऊ घरं पाडली, प्रत्येक घरात एक चित्र. मधोमध पाण्याचा पेला, कारण पाणी सगळ्यांत महत्त्वाचं. भोवती पंखा, दिवा, जेवणाचं ताट, देवघर, दुखणं, कूस बदलणं, आणि दोन कोपऱ्यांत हो आणि नको. बोट टेकवलं की मशीन तो शब्द बोलायचं, ताटाला "भूक", देवघराला "देव". आवाज माझाच भरला होता. दुसऱ्या कुणाचा भरणार?

पहिल्या संध्याकाळी अक्कांनी डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि खोलीत माझा आवाज घुमला, "पाणी." अक्का हसल्या, अर्ध्या तोंडाने. मीही हसले. मग रोज संध्याकाळी आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी विचारायची, अक्कांच्या बोटाखालून माझाच आवाज उत्तर द्यायचा. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, पोरगी एकटीच बडबडतेय. म्हणू देत. मला बरं वाटत होतं.

पंधरा दिवस गेले असतील. एका सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर अक्कांच्या मुलाने जिन्यात थांबवलं. मी त्यांना अण्णा म्हणायची. म्हणाले, "ताई, तुमचं मशीन चांगलं आहे, पण उपयोग नाही. अक्काचं डोकं गेलंय."

"काहीतरीच काय!"

"दुपारी जेवायला येतो तेव्हा मी विचारतो की. भूक लागली का म्हटलं तर म्हणते दिवा. दिवा कशाला म्हटलं तर म्हणते पंखा. काय समजायचं आम्ही?"

"माझ्याशी संध्याकाळी चांगल्या बोलतात त्या. तुम्हाला विचारायचं कसं तेच कळत नसेल."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. शहराबाहेर एक जागा होती. तिथे नर्सा असत आणि अशा माणसांचं सगळं करत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दोन महिने एकटीने अक्कांचं हगणंमुतणं काढून पार पिळून निघाली होती. "अक्काला कळत असतं तर तिला विचारून ठरवलं असतं," अण्णा म्हणाले. "कळतच नसेल तर विचारायचं काय? कुठेही ठेवलं तरी तिला सारखंच." शनिवारी दुपारी डॉक्टर येऊन तपासणार, आणि डोकं गेलंय म्हणाले तर अक्कांना न विचारता हलवायचं, असं ठरलं होतं.

मी बसमध्ये दात-ओठ खात बसले होते. माझी खात्रीच झाली होती की या लोकांना म्हातारी जड झाली आहे आणि बहाणा शोधताहेत. त्यांच्या नावाने मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि दुपारी खाली जाऊन बसले. अक्का झोपल्या होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. संध्याकाळी मी यायची तेव्हा त्या खोलीकडे तोंड करून असत आणि पाटी स्टुलावर आडवी ठेवलेली असे. दुपारी त्या खिडकीकडे तोंड करून असत. खाट भिंतीला जवळजवळ चिकटलेली, तिथे स्टूल मावत नव्हतं. म्हणून वहिनी पाटी खिडकीच्या अरुंद कट्ट्यावर उभी करून ठेवायच्या. उभी!

मी खाटेवरून वाकून बोट टेकवलं. मधल्या पेल्यावर टेकवलं तर "पाणी". दिव्यावर टेकवलं तर "पंखा". ताटावर टेकवलं तर "दिवा".

कपाळ माझं! पाटी उभी झाली की चित्र फिरत होतं, पण बोट कुठे टेकलं हे सांगणारा भाग फिरतच नव्हता. तो अजून आडव्या पाटीचा हिशोब धरून बसला होता. चित्र एकीकडे, स्पर्श दुसरीकडे. आणि हे मला ऑफिसात कधी दिसलं नाही, कारण पाटी फिरवून बघताना मी प्रत्येक वेळी पाण्यावरच बोट ठेवायची. मधलं घर कसंही फिरवलं तरी मध्येच राहतं. एवढी साधी गोष्ट! बाराजणांच्या ऑफिसात मी हुशार म्हणून मिरवत होते, आणि माझ्या गाढवपणापायी एका शहाण्या बाईला लोकांनी वेडी ठरवलं होतं. अण्णा बिचारे खरंच सांगत होते.

अक्का उठायचीही मी वाट बघितली नाही. पाटी पिशवीत घातली आणि तशीच बस पकडून ऑफिसला गेले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली. या वेळी नऊच्या नऊ घरं, आडवी, उभी, डोक्यावर उलटी, शंभरदा दाबून बघितली. शनिवारी सकाळी अण्णांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, शेजारच्या दोन बायकांनाही सांगितलं, की चूक मशीनची होती, अक्का ठणठणीत आहेत. अण्णांना आनंद झालेला दिसला. "देव करो आणि तसंच असो," म्हणाले.

डॉक्टर आले. अण्णा म्हणाले, खोलीकडे तोंड करूया का? मीच म्हणाले, "नाही, खिडकीकडेच. तिथेच बिघडत होतं ना? तिथेच बघा." मला माझी दुरुस्ती दाखवायची होती ना!

डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, पंखा कुठे आहे?"

अक्कांनी अजिबात न चाचरता बोट टेकवलं. मशीन म्हणालं, "दिवा."

"बरं, दिवा?"

"भूक."

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. अक्का घाबरून पाटीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, पण तुम्ही मशीन नेण्याआधी दोन-तीन दिवस बरोबर येत होतं की. दिवा पाहिजे असला की त्या ताटावर बोट ठेवायच्या, मग दिवा म्हणायचं. मला वाटलं, हे असंच असतंय."

म्हणजे अक्कांनी माझी चूक माझ्या आधी ओळखली होती! खाटेवर पडल्या पडल्या, एका हाताने, कुणाला न सांगता आणि न विचारता त्यांनी तो उलटा हिशोब पाठ केला होता. आणि मी दुरुस्ती करून त्यांचा हिशोब मोडला. सगळ्या घराला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, आणि एकट्या अक्कांना सांगितलं नाही. त्यांना कळतं असं सगळ्यांशी भांडून सांगणाऱ्या मला त्यांना सांगायचं सुचलंच नाही. लाज वाटली, अशी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

मी खाटेवर वाकले. "अक्का, मशीन माझ्यामुळे बिघडलं होतं. आता मी नीट केलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं. आता जे चित्र दिसतं त्याच्यावरच बोट ठेवा."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. रागावल्या असाव्यात. आणि का रागावू नये? मग डोळे उघडले, आणि डॉक्टरांनी विचारलेलं एकेक घर बरोबर दाखवलं. पंखा. दिवा. देव. भूक. नऊपैकी नऊ. डॉक्टर खुर्चीवरून उठत म्हणाले, "यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. काय ठरवायचं ते यांना विचारून ठरवा."

मला नाचावंसं वाटत होतं. आता त्या नको म्हणणार, आणि संध्याकाळी मी येऊन बसणार, पूर्वीसारखी.

अण्णा खाटेशी बसले. "अक्का, शहराबाहेर एक जागा बघितली आहे. नर्सा असतात, तुझं सगळं करतात. मी येत जाईन दर रविवारी. तुला जायचं का तिथं? तू नको म्हणालीस तर विषय संपला."

अक्कांनी आधी वहिनींकडे बघितलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, डोळ्यांखाली काळं, पदराने हात पुसत. अक्का बराच वेळ त्यांच्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी बोट टेकवलं.

"हो."

"थांबा!" मी ओरडले. "चुकलंय. मशीन अजून नीट झालेलं नाही. हो आणि नको उलटं होतंय. आत्ता काही ठरवू नका."

धडधडीत खोटं होतं ते. दोन मिनिटांपूर्वी नऊच्या नऊ घरं बरोबर आली होती. अक्का काय म्हणतात ते ऐका, असं मी त्या घराला बजावत होते, आणि मला नको होतं तेच त्या म्हणाल्या तेव्हा ऐकू नका म्हणणारी पहिली मीच निघाले.

पाटी उचलून न्यायला मी हात पुढे केला. अक्कांनी माझं मनगट धरलं. त्या एका हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्याकडे बघत, रागाने अजिबात नाही, त्यांनी माझा हात पाटीवरून बाजूला केला आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर बोट टेकवलं.