फांदीवाला सकुरा

व्याख्यान संपल्यावर जी शांतता पडते, तिला आम्ही जपानी माणसं भुतापेक्षा जास्त भितो. वक्ता इंग्रज आणि समोर आमची मंडळी असली, तर सगळी डोळे मिटून बसणार. आमच्यात डोळे मिटणं म्हणजे मन लावून ऐकणं. बिचाऱ्या वक्त्याला वाटतं, झोपली सगळी. उलट वक्ता जपानी आणि समोर इंग्रज असले, तर पहिला प्रश्न कोण विचारणार? पुढं पुढं करणं त्यांच्यातही ओंगळच. मग अध्यक्षीणबाई मिसेस पेनरोज म्हणायच्या, "काही प्रश्न?" आणि हॉलभर नुसती चहाच्या बंबाची सूं सूं.

लंडनच्या ऍक्टन भागातल्या आमच्या इंग्रज-जपानी मैत्री मंडळात ही शांतता मोडायचं काम एकाच माणसाचं. विल्फ ट्रँटर, मासेवाला. वर्षानुवर्षं वक्त्यांना चहा देणारी नि दुभाषीपण करणारी मी. माझंच व्याख्यान ठरलं, तेव्हा मला काळजी लागली ती एवढीच. विल्फ पहिला प्रश्न विचारील ना? कारण तोवर त्याचे दोन्ही कान गेले होते.

पण हे फांदीपासून सांगायला हवं.

नवऱ्याच्या कंपनीनं आम्हाला तीन वर्षांसाठी म्हणून पाठवलं होतं, ती वर्षं संपलीच नाहीत. तेव्हा आम्हा जपानी बायकांचा सगळा जीव विल्फच्या दुकानात. माकूल, म्हणजे स्क्विड, ठेवणारा तो एकटाच. बाकीचे इंग्रज मासेवाले माकुलाकडं पाली बघावी तसं बघायचे. विल्फ म्हणायचा, "काय गं चीजबाय, आज काय?" माझं नाव चिझुरू. "नाव चीज, आन् चीज खात न्हाईस. नवऱ्याला फसवलंस की गं."

दुकानात कोपऱ्यातल्या ओट्याशी त्याची आई एडी. हातात सुरा, तोंडाला कुलूप. विल्फशी बोलायची, बाकी गिऱ्हाइकांशी बोलायची, आमच्याशी नाही. आणि आम्ही घेतलेल्या प्रत्येक माशाचं डोकं न विचारता छाटायची. खट्. आम्ही आपापसात म्हणायचो, म्हातारी लाजाळू आहे, परदेशी माणसांना बुजते.

माझ्या मुलाचं उष्टावण होतं तेव्हाची गोष्ट. आमच्यात त्या दिवशी बाळापुढं अख्खा मासा ठेवतात, डोक्याशेपटीसकट. मी तांबडा मासा निवडला, पिशवी उघडतेय तोवर खट्. मी तिथंच रडायला लागले. विल्फनं दुसरा मासा आपल्या हातानं बांधून दिला. एडी ओटा पुसत राहिली.

त्यानंतरच्या वसंतातलं व्याख्यान. नेझू-सान नावाचे पतंग करणारे म्हातारे कारागीर जपानहून आले होते. मागच्या खेपेला वक्त्याला एकही प्रश्न आला नव्हता नि तो गृहस्थ रात्री जेवला नव्हता, म्हणून दुकानात मी मैत्रिणीशी बोलत होते, "उद्या एक सकुरा बसवायला हवा बाई. सकुराशिवाय भागायचं नाही." सकुरा म्हणजे चेरीचा मोहोर, हे सगळ्या जगाला ठाऊक. पण आमच्या नाटकवाल्यांच्या बोलीत सकुरा म्हणजे प्रेक्षकांत पेरलेला आपला माणूस, वेळेवर टाळी वाजवणारा. आमचं बोलणं जपानीत चाललेलं. विल्फला त्यातला एकच शब्द येत होता.

दुसऱ्या दिवशी नेझू-सानचं बोलणं संपता संपता हॉलचं मागचं दार उघडलं. विल्फ. अंगात दुकानाचा कोट, हातात स्वतःपेक्षा उंच चेरीची फांदी, फुलांनी लगडलेली. कुठल्या रस्त्यावरची तोडली ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. बसायला जागा नव्हती, म्हणून तसाच उभा राहिला.

"काही प्रश्न?" मिसेस पेनरोज म्हणाल्या.

बंबाची सूं सूं. नेझू-सान बुटांकडं बघायला लागले. आणि मिसेस पेनरोजना लांबचं धड दिसत नसे. "अहा! मागचे गृहस्थ. हात वर केलेले."

सगळा हॉल मागं वळला. विल्फनं फांदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यानं व्याख्यानातला एक शब्द ऐकला नव्हता.

"हां... म्हंजे..." तो म्हणाला, "तुमी हे करायचं ठरवलं तवा तुमची आई काय म्हनली?"

मी भाषांतर केलं. नेझू-साननी मान वर केली. मग तो एवढा वेळ इतिहासावर कोरडं बोललेला म्हातारा हसत सुटला. "आई म्हणाली, अरे, पतंग आभाळात गेला, तू कधी जाणार कामाला?" हॉल खळाळला. मग प्रश्नांसाठी हातांवर हात वर.

तेव्हापासून विल्फ आमचा सकुरा झाला. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची. बागवाले आले, कुंभार आले, एकदा वकिलातीतले मोठे साहेबही आले. प्रश्न तोच. साहेबांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, आईला मी शिंपी व्हायला हवा होतो. मंडळातल्या शिकलेल्या लोकांनी कुरकुर केली. "मिस्टर ट्रँटर, कधी दुसरं काही विचारा की." विल्फ म्हणायचा, "दुसरं तुमी इचारा ना. मी काय तोंड धरलंय तुमचं?"

एडी गेली. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. विल्फची पाठ वाकली, कान गेले, पण खुर्ची सुटली नाही. आणि गंमत अशी, आमच्यात बसून बसून तोही डोळे मिटून ऐकायला लागला होता. नवे इंग्रज सभासद एकमेकांना कोपरानं ढोसायचे, झोपले बघ आजोबा.

माझं व्याख्यान ऍक्टनमधल्या जपानी चुलींवर होतं. आदल्या दिवशी मी त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "विल्फ, मी वाकून नमस्कार केला की उठायचं हं! विसरायचं नाही!"

"कवा इसरलोय?" तो म्हणाला.

मी माकुलाबद्दल बोलले, उष्टावणाच्या माशाबद्दल बोलले. लोक हसले. संपलं. मी वाकले.

विल्फ डोळे मिटून बसलेला.

"काही प्रश्न?" नव्या अध्यक्षांनी विचारलं. मी पुन्हा वाकले, जास्तच खाली. कुणीतरी खोकलं. बंब सूं सूं करत होता. इतकी वर्षं ज्या शांततेतून मी पाहुण्यांना सोडवलं, ती आता माझ्याच अंगावर बसली होती. नेझू-सान बुटांकडं का बघत होते ते मला कळलं.

काय सुचलं कोण जाणे. मी मंचावरून उतरले, तिसऱ्या रांगेशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले.

"विल्फ!" मी ओरडले. "तुम्हाला कुणी विचारलंच नाही कधी. आम्ही बायका तुमच्या दुकानात यायला लागलो, तेव्हा तुमची आई काय म्हणाली?"

तो खुर्चीची पाठ धरून उठला.

"म्हनली, उंबऱ्यात घेऊ नगंस ह्यास्नी." तो मोठ्यानं बोलला, बहिरी माणसं बोलतात तसं. "तिचा धाकला भाऊ लढाईत ब्रह्मदेशात जपान्यांच्या कैदेत व्हता. रेल्वेच्या कामावर. तिकडंच मेला. मी तिचं ऐकलं न्हाई, तर तिनं मासळीची मुंडकी उडवायला घेतली. तेवढं एक तिच्या हातात व्हतं."

माझा हात त्याच्या खांद्यावर तसाच.

"मग ही बाय रडली एकदा. लेकाच्या उष्टावणाला. आई रातभर बोलली न्हाई. सकाळी म्हनली, विल्फ, तुझा टॉमीमामा तान्हा असताना मी त्याला पेज भरवलीय. येवढंच. त्या दिवसापास्नं तुमच्या एका बी माशाचं डोकं तिनं काढलं न्हाई." तो परत खुर्चीवर टेकला. "म्हनून मी आपलं इचारत असतो. आयांचं ठावं असलेलं बरं."

मला आठवलं. खरंच की. त्या उष्टावणानंतर खट् थांबलं होतं. आणि आम्हाला वाटलं होतं, आमचं इंग्रजी सुधारलं म्हणून.

तेवढ्यात डावीकडून एक हात वर झाला. हिराओका-सान, बँकेतून निवृत्त झालेले, मंडळाच्या जन्मापासून डोळे मिटून बसणारे. त्यांचा आवाज मी हॉलमध्ये कधी ऐकला नव्हता.

"क्षमा करा," ते म्हणाले, "ती आधी कापलेली डोकी. त्यांचं काय करायच्या आई?"

मी विल्फच्या कानात ओरडून सांगितलं.

"घरी न्यायची की!" विल्फ म्हणाला. "कापायची रागानं, पन टाकायची न्हाई. टंचाईत वाढलेली बाई ती. कालवन करायची. झ्याक लागायचं. तुमची समदी डोकी आमीच खाल्ली."

हिराओका-सान आधी हसले, मग रुमाल काढून डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसले. मागून एका इंग्रज बाईनं हात वर केला, तिच्यामागं आणखी कुणी, भिंतीशी बसलेल्या सभासदांच्या सुनांनी, चहाच्या खिडकीतल्या पोरींनी. अध्यक्षांना कुणाला आधी बोलवावं कळेना.

विल्फनं त्या हातांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं वळला.

"चीजबाय," तो म्हणाला, "येवढ्या फांद्या कुठनं आल्या गं?"