पडदेवाल्या काकूंची पाठ

रॉडच्या प्लेटा आलटूनपालटून काढायच्या असतात, एक इकडची, एक तिकडची, हे व्यायामशाळेत पाऊल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी शेंबड्या पोरालाही कळतं. मला तीन महिन्यांनी कळलं. डावीकडच्या सगळ्या प्लेटा उतरवून मी कृतकृत्य होऊन उभा राहतो न राहतो तोच उजवी बाजू खाली गेली, डावी माझ्या नाकासमोरून वर गेली आणि असा काही धडाका झाला की भिंतीवरचा आरसासुद्धा थरथरला.

आवाज विरला तेव्हा शेजारच्या बाकावरच्या काकू उठून उभ्या होत्या. चेहरा कागदासारखा. त्यांनी पिशवी उचलली आणि चालत्या झाल्या.

"माणूस आहेस की बैल?" वस्ताद म्हणाला. तो व्यायामशाळेचा मालक. त्याच्या लेखी सगळं जग अरेतुरेतलं. "दोन वर्षांत आज पहिल्यांदा पाठ टेकली होती रे बाईनं!"

मग त्यानं सगळं सांगितलं. काकू पडदे शिवतात. दोन वर्षांपूर्वी कापडाच्या गोदामात मखमल निवडत असताना अख्खी मांडणी कोसळली. तीन तास त्या उताण्या पडून होत्या, अंगावर मखमलीचे तागे. हाड एकही मोडलं नाही. पण तेव्हापासून आडवं झालं की तागे पुन्हा छातीवर येऊन बसतात. म्हणून त्या खुर्चीत बसून झोपतात. लेकीनं त्यांना ओढत इथं आणलं. पहिल्या दिवशी त्यांनी रिकामा रॉड जमिनीवरून उचलला, परत ठेवला, आणि म्हणाल्या, "हे बरंय. नको झालं की ठेवता येतं."

आठ दिवस काकू आल्या नाहीत. नवव्या दिवशी मी घरचा एक पडदा बगलेत मारून त्यांच्या दुकानात गेलो.

त्या दुकानात उन्हाला सरळ आत येता येत नाही. आधी निळ्या पडद्यातून, मग पिवळ्यातून, मग जाळीतून गाळून येतं आणि जमिनीवर माशासारखं हळूहळू पोहतं. मधोमध मशीनवर काकू. काही वेळ मी कशाला आलो तेच विसरलो.

"भाऊ, पडदा तर धडधाकट आहे."

"खालची शिवण जरा उसवलीय."

"उसवलीय कुठली? मुद्दाम उसवलेली दिसतेय. ब्लेडनं."

मी पायांकडे बघितलं. पोटामुळे तेही नीट दिसले नाहीत. म्हटलं, "काकू, चुकलो. तुम्ही आता येणारच नाही का?"

मशीन एक पूर्ण शिवणभर चाललं.

"आवाज झाला आणि मी परत त्या गोदामात," त्या म्हणाल्या. "आठ दिवस खुर्चीतही डोळा लागला नाही. अशानं कसं चालायचं? उद्या सकाळी येते. डोक्याशी रॉड सांभाळायला तुम्ही उभं राहायचं."

"मी? वस्ताद आहे की!"

"वस्तादचं अर्धं लक्ष आरशात असतं. तुम्ही घाबरट आहात. हात लांब नेणार नाही."

अशी शिफारस मला जन्मात मिळाली नव्हती.

सकाळी वरच्या झरोक्यातून उजेडाचा तिरका पट्टा उतरला होता आणि त्यात हाताला लावायची पांढरी पूड बर्फासारखी तरंगत होती. काकू आडव्या झाल्या. वीस किलोंचा नुसता रॉड. तो त्यांनी छातीपर्यंत आणला आणि तिथंच धरला. एक श्वास. दोन. माझे हात रॉडखाली, घाम कपाळावर. त्यांचे डोळे छताच्या पलीकडचं काहीतरी बघत होते. तिसऱ्या श्वासाला काकूंनी तो असा वर सारला, जसा कुणी अंगावरचा पडदा बाजूला करावा. खळ्ळ करून रॉड जागेवर बसला.

काकू उठल्या नाहीत. हात पोटावर आले, पापण्या मिटल्या, छाती संथ वरखाली होऊ लागली. एरवी प्लेटा आपटणारी दांडगी मंडळी त्याच प्लेटा अंगाई गावी तशा हळुवार खाली ठेवू लागली. बाकासाठी रांग लागली, पण कुणी काकूंना उठवेना. वस्तादनं रेडिओ बंद केला. उजेडाचा पट्टा सरकत सरकत काकूंच्या पावलांवर आला.

पाऊण तास झाला तसा माझ्यातला घाबरट जागा झाला. मी वाकून विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "झोपू द्या हो!"