मित्रपक्षाला सुटलेली जागा

राजकारणात पडायचं म्हणून मी पक्षाच्या कार्यालयात गेले नव्हते. आमच्या इमारतीला टँकर येईना म्हणून गेले होते. वसई रोडला फ्लॅट घेऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सकाळी मुंबईला जाई तो रात्रीच परते, त्यामुळे तक्रार घेऊन जाणं माझ्याच वाट्याला आलं. इमारतीतल्या चारपाच बायका घेऊन मी गेले. नगरसेवक तिथे नव्हते. टेबलामागे एक पोक्त बाई बसली होती. उमेळ्याची, खाडीकाठच्या शेतकरी घरातली. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हितं सांगून पानी नाय येत. चला, पानीखात्यात जाऊ." आणि पायात चपला सरकवून आमच्या पुढे चालू लागली.

सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणू लागले. त्या दिवशी टँकर आला. पुढच्या आठवड्यात काकीने मला निरोप धाडला, आज दुसऱ्या इमारतीच्या बायका येणार आहेत, तू बोल त्यांच्याशी, तुझी भाषा त्यांना कळेल. तशी मी त्या कामात शिरले.

आमची वाटणी आपोआप झाली. इमारती माझ्या, गावाच्या आळ्या तिच्या. मतदारांच्या स्लिपा वाटायला मात्र आम्ही जोडीने जायचो. काकीला लिफ्टचं भय होतं. ती जिने चढायची आणि प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात बसून पाणी मागायची. पाणी पिता पिता तिला त्या घराची सगळी माहिती व्हायची. गावात गेलं की मी तिच्यामागे मुकाट उभी राहायची. त्यांचं आपसातलं बोलणं मला अर्धंच कळायचं.

पुढे महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक काही होईना. कारभार प्रशासकाकडे गेला. आमचे नगरसेवक, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते माजी झाले आणि कार्यालयात क्वचितच दिसू लागले. लोक मात्र येतच राहिले. कुणाला दाखला हवा, कुणाच्या आईला दवाखान्यात खाट मिळत नाही, कुणाच्या घरात गटाराचं पाणी शिरलंय. शटर काकीच उघडायची. मी एकदा विचारलं, "आता आपल्याला कुणी विचारत नाही, तरी रोज कशाला?" ती म्हणाली, "लोक येतात नं."

पावसाळ्यात उमेळ्यात पाणी तुंबायचं. खाडीकडे जाणाऱ्या ओढ्यावर भराव पडत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. भराव टाकणारा ठेकेदार दुसऱ्या पक्षातला, आमचा विरोधक. काकी एकदा त्याच्या डंपरसमोर जाऊन उभी राहिली होती. मी तेव्हा सोबत होते. डंपर मागे गेला. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूने आला, पण गावात काकीचं नाव झालं.

अखेर निवडणूक लागली. आमच्या प्रभागात बायकांसाठी राखीव जागा होती आणि ती काकीलाच मिळणार, यात कुणाला शंका नव्हती. दादांनीच तिला कागदपत्रं तयार ठेवायला सांगितली होती. काकीने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. पण तिने एक नवी सुती साडी आणली आणि ती मला दाखवली, "ही बरी दिसंल का?" एवढंच विचारलं.

मग वर युती झाली आणि ती जागा मित्रपक्षाला सुटली. मित्रपक्ष म्हणजे कालपर्यंतचा विरोधी पक्ष. उमेदवार कोण, तर त्या ठेकेदाराची सून.

मला हे दुपारी फोनवर कळलं. मी धावत उमेळ्याला गेले. काकी परसात भेंडी खुडत होती. तिला आधीच कळलं होतं. म्हणाली, "अपक्ष भरू. तू सूचक होशील?" मी हो म्हटलं. आम्ही दोघींनी जाऊन अर्ज भरला. अर्ज भरायला जाताना तिने ती नवी साडी नेसली होती.

त्यानंतरचे दिवस फार बरे गेले. गावातल्या बायका आपणहून यायच्या. आमच्या इमारतीतल्या ज्यांनी कधी कुठल्या पक्षाला दार उघडलं नव्हतं, त्याही म्हणाल्या, काकी असतील तर आम्ही फिरू. मला खरंच वाटलं होतं की ती निवडून येईल.

माघारीच्या शेवटच्या दिवशी मी काकीच्या घरीच होते. दादा दोन माणसं घेऊन आले आणि ओट्यावर बसले. काकीने चहा ठेवला.

"काकी," दादा म्हणाले, "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"मीच मागितलं नाय दादा तुमच्याकडे," काकी म्हणाली.

"मान्य. पण वर शब्द गेलाय. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. तुम्हाला स्वीकृत सदस्य करून घेऊ. पुढे विचार होईल तुमचा."

"पुढं म्हनजे कधी? माझी साठी उलटली."

चहा संपवून कप खाली ठेवताना दादांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगा कुठे आहे तुमचा? पाणीखात्यातच ना अजून, कंत्राटावर?"

"हो," काकी म्हणाली.

"चांगला मुलगा आहे," दादा म्हणाले.

तेवढंच. आवाज चढला नाही, कुणी दमही दिला नाही. काकी उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने घरातली जुनीच साडी सारखी केली होती. मला म्हणाली, "चल गो, जाऊन येऊ." दादांच्या गाडीतून आम्ही गेलो. माघारीच्या कागदावर तिने सही केली. सूचक म्हणून माझी गरज नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

संध्याकाळी तिचा मुलगा आला. त्याला बाहेरूनच कळलं होतं. तो आईला म्हणाला, "माझ्यासाठी केलंस नं? मना विचारायचं तरी." काकी भाजी निवडत राहिली. तो न जेवता बाहेर गेला.

मला वाटलं होतं, आता ती घरी बसेल. पण दोन दिवसांनी प्रचारफेरीत ती सर्वांत पुढे होती, गळ्यात मित्रपक्षाचा पट्टा. गावातली दारं तिच्याशिवाय उघडत नव्हती, म्हणून तिला पुढे ठेवलं होतं. उमेदवार मुलगी तशी वाईट नव्हती. बिचारी अवघडलेली होती, दर घरी आधी काकीच्या पाया पडायची. काकी म्हणायची, "माझ्या नको पडू, घरातल्यांच्या पड."

काकीच्या चुलत जावेच्या दारात आम्ही पोचलो. जावेने पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू त्या दिवशी येगळंच सांगत होतीस."

"हो," काकी म्हणाली. "आज हे सांगते."

जाऊ आत गेली. दार उघडंच राहिलं. आम्ही थोडा वेळ तिथे थांबलो, मग पुढच्या घरी गेलो. मी त्या दुपारी घरी आले ते पुन्हा फेरीला गेले नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. काकी शेवटच्या दिवसापर्यंत फिरली आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर स्लिपा देत बसली.

ती मुलगी निवडून आली. गुलालात दादाही होते. स्वीकृत सदस्य म्हणून भलत्याच कुणाची तरी नेमणूक झाली. त्याबद्दल काकीला कुणी काही कळवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मुलाची नोकरी टिकली आहे. तो आईशी कामापुरतं बोलतो.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती ओट्यावर बसून होती, हातात काही काम नव्हतं. तसं मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. कार्यालयात हळदीकुंकू आहे, बायका आणायला मला सांगितलंय, असं मी तिला म्हटलं.

"जा की. काम सोडू नको."

"तुम्ही येणार?"

"नाय." मग म्हणाली, "लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. कोनी देत नाय. समोरून येतात, कशी आहेस विचारतात आनि जातात. पानी मागायला पन आता कोनाच्या दारात बसवत नाय."

तिने मला केळी बांधून दिली. हळदीकुंकवाला मी गेले नाही. इमारतीतल्या बायका अजून टँकरसाठी माझी बेल वाजवतात. मी त्यांना नव्या नगरसेविकेचा नंबर देते. ती फोन उचलते म्हणे.